सातव्या रकान्यातलं नाव

कात्रीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौदा शाळांचं एक शिक्षण मंडळ, त्याच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर लेखा विभाग, आणि तिथे कोपऱ्यातल्या टेबलामागे गेली बारा वर्षं बसलेल्या मुख्य लेखापाल बाई. शाळांकडून पैशांची मागणी आली की ती बरोबर निम्मी करायची, हा त्यांचा नेम. चाळीस बाकं मागितली, वीस मंजूर. छपराला दोन लाख मागितले, एक लाख मंजूर. मुख्याध्यापकांनी कचेरीचा जिना उतरता उतरता त्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. बाईंच्या कानावर ते पहिल्याच महिन्यात आलं आणि त्यांना, खोटं कशाला बोला, जरा आवडलंच.

त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. मंडळाचा पैसा यायचा तीन वाटांनी. पहिली, लोकांच्या घरांवरचा आणि दुकानांवरचा कर. ही वाट वर्षानुवर्षं तेवढीच, कारण कर वाढवायचं नाव काढलं की निवडून आलेले सभासद विषयच बदलायचे. दुसरी, सरकारी अनुदान, दर मुलामागे बावीस हजार. तिसरी म्हणजे सभागृहाचं भाडं, रद्दी, असलं किडुकमिडुक. आणि आलेल्या शंभरातले चौऱ्याहत्तर पगारात जायचे. उरलेल्या सव्वीसांत वीज, पाणी, पुस्तकं, नळ, छप्परं आणि चार बसगाड्या. छप्पर काही अंदाजपत्रक वाचून गळत नाही. त्यामुळे कोणीतरी हात आखडता घेणारं माणूस तिथे लागायचंच.

बाईंच्या हाताला ही सवय लागली त्यामागे एक जुनी गोष्ट होती. त्या तिसरीत असताना त्यांच्या शाळेचे पैसे वर्ष संपायच्या तीन महिने आधीच संपले. वर्गावरच्या बाई एका शनिवारी सगळ्यांना टाटा करून गेल्या त्या गेल्याच. उरलेलं वर्ष सत्तेचाळीस पोरं आपली आपण गलका करत बसली. भागाकार राहिला तो राहिलाच. पुढे हिशेबात नाव काढलेल्या या बाई भागाकार घरी वडिलांकडून शिकल्या, तोही रडत रडत. मंडळाच्या नोकरीत लागल्या त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या हाताखालून जाणारा पैसा वर्ष संपायच्या आत संपू द्यायचा नाही. एकतीस वर्षांत तो कधी संपला नव्हता.

मुख्याध्यापक मंडळी तरी काय, दुधखुळी थोडीच होती? निम्मं मिळतं म्हटल्यावर ती दुसऱ्या वर्षापासून दुप्पट मागायला लागली. वीस बाकं हवी असली की चाळीस लिहायची. बाईंना हे कळत होतं, आणि बाईंना कळतंय हे मुख्याध्यापकांना कळत होतं. कोणी कोणाला अवाक्षर बोलायचं नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत दोन्हीकडून असं धडधडीत खोटं बोललं जायचं आणि ज्याला जेवढं लागायचं तेवढं त्याला व्यवस्थित मिळायचं. सभेत अध्यक्ष बाईंचं कौतुक करायचे, मुख्याध्यापक चेहरे पाडून बसायचे, आणि बाहेर येऊन चहा पिताना एकमेकांना टाळ्या द्यायचे.

आता पटमोजणीचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. अनुदान दर मुलामागे मिळतं खरं, पण मुलं मोजायची कधी? तर शाळा सुरू झाल्यापासून सातव्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. त्या वेळी जेवढी मुलं शाळेच्या आवारात हजर, तेवढ्यांचेच पैसे वर्षभर. त्यामुळे त्या सोमवारी प्रत्येक शाळेत नुसती धांदल. सर्दीवाल्यांना रुमाल देऊन बोलावलं जायचं. शिक्षक शनिवारी घरोघर जाऊन दारं वाजवायचे. एका मुख्याध्यापकांनी तर प्लॅस्टरमधला मुलगा त्याच्या आजोबांच्या स्कूटरवरून आणवला होता.

मंडळातली सगळ्यात लांबची शाळा दगडाच्या खाणीजवळ, चढ चढून गेल्यावर. पट अठ्ठावन्न. त्यातली एकोणीस मुलं नदीपलीकडच्या वस्तीतून बस क्रमांक तीनने यायची. त्या सोमवारी बस क्रमांक तीन चढाच्या मध्यावर पोहोचली, दोनदा खोकली आणि थांबली. क्लच गेला होता. ड्रायव्हरने फोन केले, दुसरी बस तासाभराने येईल असं कळलं. त्याने घड्याळ बघितलं, मुलांना खाली उतरवलं, दोघादोघांचे हात धरायला लावले आणि सगळी वरात चालत चढावर काढली. ती फाटकाशी पोहोचली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. निरीक्षकांनी अकरा वाजता एकोणचाळीस हा आकडा लिहून, सही करून, वही बंद केली होती.

एकोणीस गुणिले बावीस हजार. बाईंना कागद लागला नाही. चार लाख अठरा हजार गेले. पण खरी रड पुढेच होती. मोजणीत पंचेचाळीसच्या खाली आलेली शाळा पुढच्या वर्षी बंद करून खालच्या मोठ्या शाळेत मिळवायची, असा मंडळाचा ठराव होता. ठरावाचा मसुदा आठ वर्षांपूर्वी बाईंनीच केला होता, आणि चांगला नेटका केला होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी हळहळ व्यक्त केली. यंत्र आहे, कधी ना कधी बिघडणारच, नशीब म्हणायचं, असं ते तीनदा म्हणाले. बाई मान डोलावून आपल्या जागेवर आल्या. मग काहीतरी खटकलं म्हणून त्यांनी वाहनांची गेल्या वर्षीची फाइल काढली.

मागणी तिथे होती. बस क्रमांक तीन, क्लच बदलणे, छत्तीस हजार. खाली त्यांच्याच अक्षरात शेरा: निम्मे मंजूर, काम पुढील वर्षी पूर्ण करावे. आणि त्याखाली वर्षअखेरची नोंद, अठरा हजार अखर्चित परत. हे अठरा हजार त्यांनी वार्षिक अहवालात बचत म्हणून दाखवले होते आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या.

त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं. चाळिशीच्या आतला सरळ माणूस. पूर्वी गाड्यांच्या मागण्या बसप्रमुख लिहायचे. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली नव्हती. भरली नव्हती म्हणजे कोणी भरू दिली नव्हती, ते वेगळं सांगत नाही. तेव्हापासून ज्याची बस त्याने मागणी लिहायची असं चाललं होतं.

"हा छत्तीसचा आकडा तुम्ही कुठून आणलात?" बाईंनी विचारलं.

"तीन दुकानं फिरलो मॅडम. सगळ्यात कमी भाव होता तो लिहिला."

"मग दुप्पट का नाही लिहिलंत?"

ड्रायव्हर गोंधळला. आपली परीक्षा चाललीय असं त्याला वाटलं असावं.

"दुप्पट कशाला लिहू मॅडम? क्लच तर एकच बसवायचा होता."

बाईंनी परत आलेल्या अठरा हजारांच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"अठरा आले तेव्हा मी दुकानात विचारलं," तो पुढे म्हणाला. "अर्ध्या पैशात काही होत नाही म्हणाले. मग परत पाठवले. शेऱ्यात लिहिलं होतं ना, पुढच्या वर्षी पूर्ण करावे म्हणून? मला वाटलं, यंदा पूर्ण पैसे आपोआप येतील. चुकलं का माझं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं नाही चुकलं."

तो गेल्यावर त्यांनी आपला शेरा पुन्हा एकदा वाचला. चौदा मुख्याध्यापकांचं खोटं त्यांनी बारा वर्षं डोळे मिटून ओळखलं होतं. एकच माणूस खरा आकडा घेऊन आला आणि त्यालाही त्यांनी त्याच सुरीने कापलं. मान खाली घालून, हाताच्या सवयीने. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

बातमी काही फाइलीत राहत नाही. खाणीवरची शाळा बंद होणार असं आठवड्यात सगळीकडे झालं. नदीपलीकडच्या वस्तीतले पालक येऊन दाखले काढून नेऊ लागले. बंदच व्हायची आहे तर आताच हलवलेलं बरं, निदान खालच्या शाळेत जागा तरी मिळेल, असा त्यांचा हिशेब. पंधरा मुलं गेली. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कचेरीत येऊन बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या पटावर आता त्रेचाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "बदलीच्या बसमध्ये चार पोरं येतात. चार! पन्नास सीटांच्या गाडीत. तुम्हाला कळवावं म्हणून आले. तुमची डिझेलची बचत होईल."

एरवी बाईंनी याचं सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे केली. मोठ्या बाई बसल्या नाहीत.

वाट एक होती. फेरमोजणीचा अर्ज. अनुदान कार्यालयाकडे महिन्याच्या आत पाठवायचा. बाईंनी कपाटातून मागच्या अर्जांचा गठ्ठा काढला. तीस वर्षांत सहा अर्ज गेले होते, सहाही नामंजूर. त्या एकेक वाचत गेल्या आणि सहाव्या अर्जाशी त्यांच्या लक्षात आलं. अर्जात सातवा रकाना होता: गैरहजेरी मंडळाच्या चुकीने घडली असल्यास चूक करणाऱ्याचं नाव व हुद्दा. सहाही अर्जांत तिथे एकच मजकूर होता, तांत्रिक कारण. आणि सहाही नकारांत एकच वाक्य होतं, सातवा रकाना भरलेला नाही. तीस वर्षं कोणी त्या रकान्यात माणसाचं नाव लिहायला धजावलं नव्हतं. का, तेही उघड होतं. नाव लिहिलं की त्या माणसाच्या सेवापुस्तकात शेरा, आणि शेरा आला की शेवटची वेतनवाढ गेली. म्हणजे पेन्शन जन्मभर तेवढी कमी. बाईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

घरी त्यांनी हे सगळं यजमानांना सांगितलं. यजमान पुस्तकबांधणीचं काम करायचे. खळीचा ब्रश हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. किती कमी होईल?"

"महिन्याला अकराशे."

"हं." त्यांनी एका पुठ्ठ्याला खळ लावली. "आणि नाही लिहिलंस तर?"

"तर काही नाही. कोणाला कळणारही नाही. फाइल माझ्याच कपाटात आहे."

"अगं, मग मला कशाला विचारतेस? तुला गप्प बसायचं असतं तर आल्या आल्या चहा टाकला असतास. दोन तास झाले, अजून चप्पल पायात आहे तुझ्या." थोडं थांबून ते म्हणाले, "अकराशे म्हणजे माझ्या गोळ्यांचे पैसे. मी जरा कमी आजारी पडायचं बघतो."

बाई हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, असा दम त्यांनी लगेच भरला.

मंडळाची सभा खुली असायची. एरवी मागच्या खुर्च्यांवर एखादा वार्ताहर पेंगत असायचा. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या, आणि नदीपलीकडच्या वस्तीतल्या बाया दारापर्यंत उभ्या होत्या. अध्यक्षांनी विषय मांडला. शाळा बंद झाली तर वर्षाला किती वाचेल याचा तक्ता त्यांच्या हातात होता. तक्ता बाईंच्याच विभागाने केलेला. अर्ज पाठवायचाच असेल तर पाठवू, तांत्रिक कारण लिहू, म्हणजे आपण प्रयत्न केला असं होईल, असं ते म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "तांत्रिक कारण लिहिलं तर अर्ज परत येणार. सहा वेळा आलाय."

"मग काय लिहायचं?"

"माझं नाव."

अध्यक्षांनी चष्मा काढला. बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, हे बरोबर नव्हतं तरी, आणि मागच्या खुर्च्यांकडे तोंड केलं.

"बसच्या क्लचला छत्तीस हजार हवे होते. ड्रायव्हरने खरा आकडा मागितला. मी अठरा दिले. का, तर मी सगळ्यांचंच निम्मं करते. बाकीचे दुप्पट मागतात म्हणून त्यांचं भागतं. यांनी दुप्पट मागितलं नाही, म्हणून तुमची मुलं त्या दिवशी चढावर राहिली. मी अठरा हजार वाचवले आणि चार लाख अठरा हजार घालवले. हा पैसा तुमच्या घरपट्टीतून येतो आणि तुमच्या मुलांच्या डोक्यांवर येतो. त्याचं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगितलं."

चौदा मुख्याध्यापक जमिनीवरच्या फरशा मोजत होते.

"तुमच्या सेवापुस्तकात शेरा येईल, बाई," अध्यक्ष हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"येऊ द्या. आणि अर्ज गेला तरी बस चालायला हवी. छत्तीस हजार सत्कार-समारंभाच्या तरतुदीतून काढावेत असं माझं म्हणणं आहे. त्यात माझ्या निरोप समारंभाचे आठ आहेत. बाकीचे अध्यक्षांच्या दालनातल्या नव्या सोफ्याचे. सोफा समारंभात कसा आला ते मला माहीत आहे, पण ते आज राहू द्या."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. अध्यक्षांनाही हसावं लागलं. हात वर झाले. अर्ज मंजूर, क्लच मंजूर.

दाराशी उभ्या असलेल्या बायांपैकी एक जण बाहेर जाताना बाईंजवळ थांबली. विटांच्या भट्टीवर काम करणारी, दंडावर लाल धूळ तशीच. तिने बाईंकडे एकदा नीट बघून घेतलं आणि ती गेली.

बाईंनी त्या आठवड्यात आणखी एक काम केलं. चौदा शाळांना पत्र पाठवलं: यापुढे खरा आकडा लिहावा, सोबत भावपत्रक जोडावं, निम्मं केलं जाणार नाही. मुख्याध्यापकांचा यावर विश्वास बसेना. एकाने सावधगिरी म्हणून दीडपट लिहून पाठवलं. बाईंनी ते परत पाठवलं.

फेरमोजणी मंजूर झाली, तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारीच. नियम तोच: पटावर नाव हवं आणि अकरा वाजता मूल आवारात हवं. पटावर त्रेचाळीस. एकाला गालगुंड झालेलं, म्हणजे बेचाळीस. पंचेचाळीसला तीन कमी. बाई आदल्या दिवशी पालकांकडे जाणार होत्या, पण मोठ्या बाईंनी नको म्हटलं. "मी जाऊन आले. विचार करतो म्हणाले सगळे. आता तुम्ही गेलात तर भीक मागितल्यासारखं होईल."

सोमवारी सकाळी बाई बस क्रमांक तीनमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुलाजवळच्या थांब्यावर दोन मुलं चढली. पाण्याच्या टाकीपाशी आणखी दोन. बसमध्ये येणारी चार पोरं संपली. आता वस्तीचा शेवटचा थांबा, आणि तो गेले कित्येक दिवस रिकामाच असायचा.

"मॅडम," ड्रायव्हर म्हणाला, "समोर बघा."

थांब्यावर दप्तरं घेतलेली मुलं उभी होती. त्यांच्याशेजारी भट्टीवरची ती बाई, हातात कागदांची सुरळी. बस थांबली तशी ती आधी पायरीवर चढली.

"दाखले आणलेत आठ जणांचे," ती बाईंना म्हणाली. "खालच्या शाळेतून काढून. माझी दोन, बाकी शेजारच्यांची. लिहून घेतील ना अकराच्या आत?"

"घेतील," बाई म्हणाल्या. "घ्यायलाच लावते. पण तुम्ही परत कशा आलात?"

"आमच्या भट्टीवर वीट फुटली तर कोण म्हणत नाही माझ्या हातून फुटली. मुकादम म्हणतो माती वाईट. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मला वाटलं, इथं पोरं ठेवायला हरकत नाही." मग ती मुलांकडे वळून ओरडली, "चढा की आता! नाहीतर परत चालत जाल!"

बस चढाला लागली. ड्रायव्हरने गिअर बदलला आणि बाईंनी समोरची दांडी घट्ट धरली. मुलं आपसात भांडत होती, खिडकीसाठी. बस कुरकुर न करता वर गेली आणि दहा वाजून पस्तीस मिनिटांनी फाटकात शिरली.

मोठ्या बाई पायऱ्यांवरच उभ्या होत्या. खाली उतरणारी मुलं बघून त्या आत पळाल्या आणि पटाची वही घेऊन आल्या. आठ नावं लिहायची, जन्मतारखा, दाखल्यांचे क्रमांक. एक वाचे, एक लिही. कात्रीबाई आणि मोठ्या बाई एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. निरीक्षक शेजारी उभे राहून घड्याळाकडे बघत होते. शेवटची तारीख लिहून झाली तेव्हा अकराला सात मिनिटं होती.

मग निरीक्षकांनी मुलांना मैदानात रांगेत उभं केलं आणि पेन्सिलीने एकेकाकडे दाखवत मोजलं. पन्नास. त्यांनी आकडा लिहिला, सही केली आणि वही बाईंपुढे धरली. वहीला जोडलेल्या अर्जाच्या सातव्या रकान्यात बाईंचं नाव टाइप केलेलं होतं, त्याच्याच खाली साक्षीदार म्हणून त्यांनी सही करायची होती. त्यांनी ती केली.

"एकदा खात्री करून घ्यायची का?" निरीक्षकांनी विचारलं.

बाईंनी नको म्हणून मान हलवली, पण नजर रांगेवरच ठेवली आणि पहिल्या मुलापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. हिशेब जुळलेलाच होता. मोजायला बरं वाटत होतं, एवढंच.